भिजल्यावर गाव

उन्हाळ्यात शाळेचा व्हरांडा रिकामा असतो,
तिथंच अंथरली वाकळ.
खाली तीन धोतरं, वर जैनबीची पांढरी चादर,
आणि बाजूला माझ्या दुकानातल्या
पोतंभर ब्लाउजांच्या चिंध्या.

जुनं गाव शिवायचं होतं.
धरणाखाली गेलेलं, सगळं, जसंच्या तसं.
मी नव्या गावात जन्मले.
धरण आटलं की वर येणारा देवळाचा एक दगड
आणि त्याच्यावरचा बगळा, एवढंच माझं जुनं गाव.
म्हणून माझ्या हातात फक्त कात्री.
बाकीच्या सांगायच्या, मी कापायची.

नदीसाठी मी निळं सॅटिन काढलं.
धुरपतामावशी हसली,
"गोदा कवा निळी होती गं?
कॅलेंडरात बघितली काय तू?"
आणि घरून जुना परकर घेऊन आली,
दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचा.
नदी त्याची झाली.

मग वेस. मग मारुती.
मशिदीला हिरवं नको म्हणाली जैनबी,
चुना लावायचो आम्ही, पांढरीच कर.
पांढऱ्यावर पांढरी, दिसायचीच नाही,
तरी तिला बोटानं सापडायची.
तांड्यावरच्या झमकूनं बाजाराच्या वाटेवर
तीन आरसे बसवले.
एक माझा, एक माझ्या बहिणीचा,
तिसरा कुणाचा ते सांगितलं नाही तिनं.

अकराव्या दिवशी सुंदराबाई साळवे आली.
उभ्या उभ्या बघत राहिली पुष्कळ वेळ.
"आमची वस्ती?"
वस्ती पूर्वेला, ओढ्यापलीकडं.
पण चादर ओढ्यापाशीच संपत होती.
कुणीतरी म्हणालं, कोपऱ्यात बारकी घेऊ.
"एवढं गाव शिवलं बायांनो,
अन् आमच्यावर आलं की कापड सरलं?"

पंखाही नव्हता आवाज करायला.

मी खाली बसले आणि पूर्वेची किनार उसवायला लागले.
तीन दिवसांचा धावदोरा. कुणी थांबवलं नाही,
कुणी मदतही केली नाही, जैनबी सोडून.
दुसऱ्या दिवशी सुंदराबाईनं आईचं लुगडं आणलं,
जांभळं, अर्धं विरलेलं.
ते जोडलं.
वाकळ चौकोनी राहिली नाही,
एका अंगाला लांब झाली,
घडी आजही नीट बसत नाही.

घरं तिनं स्वतः शिवली, बावीस.
मग विहिरीशी आली.
धुरपतामावशीनं विहीर फार हौसेनं केली होती,
पायऱ्या, रहाट, आत पाण्याचे बारीक टाके.
सुंदराबाईनं विहिरीपासून टीचभर लांब
काळ्या दोऱ्याची एक गाठ मारली.
"हे काय?"
"इथं आम्ही घागर ठिवून उभ्या ऱ्हायचो.
वरून कुणी वतंपर्यंत."

धुरपतामावशीची सुई तिथंच थांबली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"तुझी आय... जांभळं लुगडं नेसायची का?"
"हाव. हेच."
पुढं कुणी काही बोललं नाही.
गाठ राहिली.

माझ्यासाठी जैनबीनं एक जागा दाखवली.
तुझा बाप इथं मशीन घेऊन बसायचा,
एक पाय मोडका, खाली वीट.
मी ती वीट शिवली. लाल खणाची.
जुन्या गावात माझं तेवढंच.

आता वाकळ घरोघरी फिरते, एकेका रात्रीसाठी.
सकाळी माझा पोरगा विचारतो,
"आई, रात्री माझे पाय कुणाच्या घरात होते?"
मी बघून सांगते.
कधी पाटलाच्या ओसरीत, कधी ओढ्यात.

परवा धुवायला काढली.
नळाला एवढं पाणी कुठलं, धरणावरच नेली.
भिजल्यावर गाव उचलायला सहा जणी लागतात.
काठावर सगळ्या वाकल्या, टोकं धरून,
आणि जैनबी एकदम थबकली.

"बुडवू का?"