डावं दार

माझं काम फोन धरायचं.
कोमो तलावाकाठच्या त्या हॉटेलात भिंतीशी आम्ही अकरा जण,
प्रत्येकाच्या कानात एकेक न दिसणारा धनी.
माझा त्या संध्याकाळी काहीतरी कुरकुरीत खात होता,
मागे एक कुत्रं भुंकत होतं.
तो कुठल्या देशात होता ते मला ठाऊक आहे,
सांगायची परवानगी नाही.

गाडी फिरत्या चौथऱ्यावर. फिकट हिरवी, सत्तावन्न सालची.
अशा बावीस घडल्या, उरल्या नऊ.
चाळीस वर्षं पोर्तुगालमधल्या कुठल्याशा गोठ्यात पडून होती,
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.
ते डाग पुसलेले नाहीत.
डागांचेही पैसे आहेत.
छापील यादीत लिहिलं होतं: पत्रा न् पत्रा मूळचा.

सकाळी, लोक यायच्या आधी,
एर्सिलिया बोनविचिनी आली होती. वय अठ्ठ्याऐंशी,
हातात भाजीची पिशवी.
लिलाववाल्यांनीच बोलावलेली, पत्रा ठोकणाऱ्या ओरेस्तेची विधवा,
फोटोत बरी दिसेल म्हणून.
फोटो झाला. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून
तिनं बोटाच्या पेरानं उजवं दार वाजवलं,
बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं.
खणखणीत.
मग डावं.
बद्द नाही म्हणता येणार, पण जरा खालच्या पट्टीत,
सर्दी झालेल्या माणसानं हाक मारावी तसं.

"हे माझ्या दिराच्या आइसक्रीमच्या गाड्याचं छप्पर," ती मला म्हणाली,
जणू मी विचारलंच होतं.
अठ्ठावन्नचा मे. घाटात कठड्याला घासून दार फाटलेलं,
मालक रात्री अडीचला उंबऱ्यात, रविवारी शर्यत,
आणि घरात वीतभर अ‍ॅल्युमिनियम नाही.
ओरेस्ते गेला, छप्पर काढून घेऊन आला.
(नेलो त्यानंतर दोन उन्हाळे बोलला नाही.)
वाळूची पिशवी, एल्मचा ओंडका, हातोडा.
"मी दिवा धरला. सातवा महिना होता.
प्रत्येक घावाला पोरगी आतून लाथ मारायची."
उजाडता उजाडता तो म्हणाला,
कुणी ओळखलं तर सांग, मी धंदा सोडीन.
"अजून तरी कुणी सांगायला आलं नाही."

तीस लाखांवर तीन हात वर होते,
पन्नासला दोन.
पहिल्या रांगेत मोजे न घालणारा एक गृहस्थ
नुसती भुवई उचलायचा, तिची किंमत दोन लाख युरो.
तेवढ्यात कानातला आवाज चावायचा थांबला.
"सगळं मूळचंच ना?"

मला आकडे बोलायचा पगार मिळतो.
आकडे सोडून काही बोललो तर नोकरी जाते.
शेवटच्या रांगेत एर्सिलिया पिशवीत काहीतरी शोधत होती,
चष्मा असेल, गोळी असेल.
मला दोन ओळी दिसल्या, दोन्ही उद्याच्या पेपरातल्या.
एकीत ओरेस्तेचं नाव होतं,
नावापुढे 'बनावट' होतं.
दुसरीत तो नव्हताच.

मी म्हणालो, "डावं दार बघत राहावं असं आहे."

कुत्रं भुंकलं.
"बासष्ट," तो म्हणाला.
भुवई हलली नाही.

हातोडा पडला. लाकडाचा, मुठीत मावेल एवढा.
एर्सिलिया दचकली नाही,
तिनं फक्त पोटावर हात ठेवला.

आता गाडी अठरा अंशांच्या तळघरात असते,
वर्षातून एकदा एक माणूस हातमोजे घालून
तिच्या टायरांत हवा भरतो.
दार उघडायला तिथे कुणी बसतच नाही.

बाहेर पायऱ्यांवर तिनं आकडा विचारला. मी सांगितला.
"त्यात दाराचे किती?"
मी मनातल्या मनात भागाकार करू लागलो,
वजन, चौरस फूट, काहीच जमेना.
"नेलोला निदान गाड्याचे द्यायला हवे होते," ती म्हणाली,
आणि नऊ युरोच्या कॉफीच्या नावानं बोटं मोडत
बसकडे चालू लागली.