छत्तीस

मृग कोरडाच चाललेला.
रात्री साडेदहाला लीड्सहून सुवर्णाचा फोन:
"दादा, इथं छत्तीस झालंय."
मी गच्चीवर तिसरी बादली ओतत होतो,
फरशी चर्र करून पाणी पिऊन टाकत होती.
"छत्तीस? अगं, कन्ना चौकात
छत्तीसला स्वेटर शोधतात."

ती हसली नाही.
म्हणाली, घरंच ऊब धरून ठेवायला बांधलेली.
खिडकी चार बोटं उघडते, पुढं नाही.
दुकानातले पंखे संपले.
समोरच्या डोरीनबाईंनी कालपासून
पडदा सरकवलेला नाही.

मी बादली खाली ठेवली.

आईनं फोन ओढून घेतला.
तिला आकडे कळत नाहीत,
धागा तुटायच्या आधीचा मागाचा आवाज
तेवढा कळतो.
"थंडीसाठी दिलेली चादर आहे का गं?
भिजव. पिळू नको. खिडकीला टांग.
साखर-मिठाचं पाणी कर तांब्याभर,
आणि आधी त्या म्हातारीचं दार वाजव.
नाही उघडलं तर लाथ घाल."

फोनमध्ये चपला. जिना.
मग ठोठावणं.

आम्ही दोघं ओल्या गच्चीवर,
पाय पोळत होते तरी हललो नाही,
कान त्या दाराला लावून.