उजव्या बाजूला

हल शहरात नोव्हेंबरचा वारा नदीवरून येतो,
विचारून येत नाही.
बाबांनी मफलर दोनदा गुंडाळला,
कोटाच्या आतल्या खिशातली
चष्म्याची डबी चाचपून पाहिली.
चष्मा डोळ्यांवरच होता.

पॅरागॉन चौकात स्मारकाच्या पायऱ्यांशी
माणसं कागदाची लाल फुलं लावून उभी.
बाबांनी डबी उघडली,
हिरव्या फितीचं शौर्यचक्र काढलं,
डाव्या छातीवर लावायला घेतलं.
बोटं गारठलेली. पिन लागेना.
मी पुढे झाले नाही.
काही कामांत लेकीनंही हात घालू नये.

शेजारचा म्हातारा हलकेच म्हणाला,
"डावी बाजू ज्यानं मिळवलं त्याची.
त्याच्या माघारी आपण लावायचं, ते उजवीकडे."
त्याच्या उजवीकडे चार पदकं लोंबत होती.
वडिलांची.
समुद्रातले सुरुंग वेचायला गेलेली मासेमारीची बोट,
तिच्यावरचा खलाशी ब्लेंकिन.
घरी आलं ते एवढंच,
पोस्टाने, खाकी पाकिटात.

मला वाटलं, बाबांना ऐकू गेलं नसेल.
पण रोह्याच्या शाळेत छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस,
षष्ठी कुठे लागते हे त्यांना कोण सांगणार?
"तुमच्या वडिलांची," ते म्हणाले,
आणि हातातल्या चक्राकडे बघून,
"माझ्या मुलाचं."

म्हाताऱ्यानं टोपी काढली.
बोलला नाही.
वारसा उतरतो, पाण्यासारखा, खाली.
आमच्याकडे तो
धापा टाकत चढ चढून आला.

श्रीरंग
रात्री परसात जायचं तर मला उठवायचा.
बॅटरी माझ्या हातात,
तो माझ्या मागे, परकराची कड धरून.
"ताई, कुणाला सांगू नको हं."
आजवर सांगितलं नव्हतं.

दिल्लीत मानपत्र वाचलं, तेव्हा
'स्वतःच्या जिवाची तमा न बाळगता'
असे शब्द आले,
आणि मी खुर्चीत चुळबुळले,
नाव चुकलं की काय यांचं?
कुपवाड्याचं जंगल, अमावस्येच्या आसपासची रात्र,
एकाला पाठीवर घालून तो खाली आला,
पाणी प्यायला,
दुसऱ्यासाठी परत वर गेला.
मेजर श्रीरंग टिपणीस.
बॅटरी कुणी धरली असेल?

पत्रं लिहायचा चार ओळींची,
ऱ्हस्व-दीर्घाचा पार चिवडा.
बाबा लाल शाईने दुरुस्त करून
तेच पत्र उलट टपालाने धाडायचे, खाली गुण देऊन.
दहापैकी चार. एकदा साडेपाच.
छावणीतली पोरं म्हणे
निकालाची वाट बघत बसायची.

शेवटचं पत्र बातमीनंतर तीन दिवसांनी आलं.
'मी सूखरूप आहे.'
सु दीर्घ.
बाबांनी लाल पेन उघडलं,
शाई निबेवर वाळेपर्यंत धरून ठेवलं,
टोपण लावलं.

चौकात दोन मिनिटांची शांतता झाली.
समुद्रपक्ष्यांना कुणी कळवलं नव्हतं,
ते ओरडत राहिले.
शांतता सुटल्यावर ब्लेंकिननं हातमोजे काढले,
ते दातांत धरले,
आणि बाबांच्या कोटाच्या उजव्या बाजूला
पिन लावून दिली.
जाड बोटं, जाळी विणलेली असावीत अशी.
पहिल्या झटक्यात लागली.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले.
बाहेर या गावचे साईच्या रंगाचे टेलिफोनचे खोके
एकामागून एक मागे जात होते.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील त्याच्याबद्दल.
बराच वेळानं वळले.
"त्या गृहस्थांना आभाराचं पत्र टाकावं म्हणतो.
नावाचं स्पेलिंग विचारून ठेवलंस का गं?
चूक व्हायला नको."