गंज

नवी आली तेव्हा वाघीण
पेढ्यांच्या खोक्यासारखी चकचकीत होती.
तीन आठवडे मी ती जुनी करतोय
वानवडीच्या गच्चीवरल्या खोलीत:
विटेची पूड, टर्पेंटाइन,
भांडी घासायच्या स्पंजचा कोपरा.
जिथे रंग उडायला हवा, तिथे आधी मीठ.

उजगरे आले. घोरपडी यार्डात
वाघिणी तपासून रिटायर झालेले.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"गंज असा सरसकट नसतो हो लागत.
पाणी कुठं थांबतं ते बघा आधी.
दाराच्या खोबणीत. शिडीच्या पायरीखाली.
आणि सिमेंट भरत होते ना हिच्यात?
मग पांढुरकं कुठंय?"

पांढुरकं केलं.
ते बघत राहिले. मग टूथपिक मागितली,
रंगात बुडवून
बोटभर भिंतीवर दोन अक्षरं काढली,
हात जराही न हलता:
सिक.

"म्हणजे?"
"म्हणजे जोडायची नाही.
ब्रेकचा दांडा लोंबतोय, दिसत नाही?"

दिसत नव्हता. अजूनही नाही.
पण माझी मालगाडी आता
सोळाच्या जागी पंधरा डब्यांची फिरते,
आणि टेबलाच्या कडेला, सायडिंगवर, ती.

रविवारी उजगरे येतात,
चहाच्या आधी
वाकून तिच्या पोटाखाली बघतात,
आणि मान हलवतात.