पंचनामा

बाळीवेशीतनं अव्वा देवळाकडं निघालेली.
मे महिना, पहाटेचे पावणेसहा,
डांबराला अजून कालच्या उन्हाचा वास.
मागनं मोटारसायकल आली. एक हात आला.
साडेतीन तोळे गेले.

फौजदार चावडीत मी बिल घेऊनच गेलो.
सात वर्षं पाकिटात होतं ते,
घड्यांवर फाटत आलेलं.
पहिल्या बढतीच्या पैशातली मोहनमाळ,
रक्कम मला तोंडपाठ, मजुरीसकट.

नाव?
नीलव्वा चनबसप्पा तोळणुरे.
वय?
"सिद्धरामाला ठाऊक."
मी म्हणालो, एकोणसत्तर लिहा.
गळ्यात काय काय होतं?

अव्वानं पदर सारला.
मानेवर ओरखडा, लालभडक,
त्याच्याच खाली विभूतीनं मळलेला पांढरा दोरा
आणि दोऱ्याला फडक्यात बांधलेलं लिंग.
"हे होतं. हे हाय."
"आजी, गेलं काय ते सांगा."
"गेल्यालं ह्यो सांगतोय की,"
तिनं माझ्याकडं बोट केलं.

हवालदारानं पेन टेकवलं.
राहिलेल्याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

बाहेर आल्यावर म्हणाली, देवळात जायाचं राहिलंय.
अकरा वाजून गेलेले. फरशी तव्यासारखी.
ओल्या गोणपाटावरनं ती सावकाश चालत गेली,
मी सावलीतून सावलीत उड्या मारत.
तळ्याचं पाणी पार खाली गेलेलं,
पायऱ्यांवर हिरवा वाळका पट्टा.
ती ओवरीत बसली, डोळे मिटले,
मी समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काही दिसलं का
म्हणून भावाला तिसऱ्यांदा फोन लावला.

परतताना रिक्षात मी म्हणालो,
अव्वा, तुला काहीच कसं वाटत नाही?

बराच वेळ ती बोललीच नाही.
मग, सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा,
"तुझा आप्पा गेला तवा बांगड्या काढल्या,
जोडवी काढली, डोरलं काढलं.
चार बायांचे हात फिरले अंगावर.
ह्या दोऱ्याला कुणी बोट लावलं न्हाई.
मला मातीत बसवाल तवा हे हातात देशीला.
सोनं तर तुमी उतरवूनच घेणार होता, बाळा.
त्यानं थोडं आधी घेतलं."

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं.
मी बाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली.
झोपच कुठं लागली होती म्हणा.
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती भिंतीकडं तोंड करून,
डाव्या तळहातावर लिंग,
उजव्या हातानं पाण्याचे थेंब, बेलाचं एक पान.
ओठ हलत होते. तळहात हलत नव्हता.
मानेवरच्या ओरखड्यावरही
तिनं विभूती लावली होती, कपाळासारखीच.

मी उशीखालचं पाकीट काढलं.
बिल फाडून टाकावं म्हणून बाहेर घेतलं,
मुठीत धरून बसलो.
तिची पूजा झाली, चहाला आधण आलं,
तोवर कागद
घामानं मऊ झाला होता.