सतरा नंबरचा ठिपका

बोटाच्या पेराएवढी काच.
तिच्यावर झिंक ऑक्साइडचा पापुद्रा,
तिरकी धरली तरच दिसतो,
डबक्यात पेट्रोल सांडल्यासारखा.
त्यावर चांदीचे ठिपके, पंचवीस.
चांदी आप्पांनी धाडली कोझिकोडच्या गलाईतून,
औषधाच्या पुडीत: "कस बघितलाय. निर्धास्त वापर."

विट्याच्या कॉलेजात जिन्याखालच्या खोलीत
मी आणि तस्नीम मुल्ला सुई टेकवतो.
दाबली तर पापुद्रा फाटतो,
नाही दाबली तर लागतच नाही.

पहिल्या वेळी तो ऐकत नाही.
एक व्होल्ट. दोन. अडीच.
रेघ जमिनीला अंग टाकून पडलेली.
तीन पॉइंट चारला ताडकन उभी.
"लागली वाट," तस्नीम म्हणते.
आमच्याकडे वाट लागली म्हणजे नासलं.
इथे खरोखरच लागते,
या काठापासून त्या काठापर्यंत,
आणि करंटला वेळीच मर्यादा घातली नाही
तर दुसऱ्या अर्थानंही लागते.
बावीस नंबर तसाच गेला.

मी म्हणते, चांदीचे कण एकामागे एक उभे राहतात.
ती म्हणते, चांदी नव्हे गं,
ऑक्सिजन उठून गेलेल्या जागा;
रिकाम्या जागाच एकमेकींना लागून वाट होते.
हे भांडण मिटलेलं नाही.

मी चार वर्षांची असताना आप्पा आले.
त्याआधीही आले असतील, मला ठाऊक नाही.
अंगाला तेजाबाचा वास, भुवया अर्ध्या जळक्या.
दोन दिवस मी दाराच्या मागे.
तिसऱ्या दिवशी त्यांनी तळहातावर टाकणखाराचा खडा ठेवला.
म्हणाले, साखर नव्हे.
मी चाटला.
पुढच्या खेपेला एवढा जोर लागला नाही,
फाटकाची कडी वाजली तरी पुरे.

उलटा दाब दिला की तंतू तुटतो.
सगळा नाही. टोकाशी, एक-दोन नॅनोमीटर.
बाकीचा आत तसाच उभा,
एसटी स्टँडातून निघून गेली तरी.

काल रात्री पावणेअकराला फिडर गेला.
सगळे माग एकदम थांबले;
विट्यात एवढी शांतता मावते
हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं.
तस्नीमनं मोबाइलच्या उजेडात डबा सोडला,
दोडक्याची भाजी, थंडगार.
तास बारा मिनिटांनी
एक माग खडखडला, मग शेजारचा, मग अख्खी गल्ली.
संगणक सगळं विसरून बसला होता,
फाइल सेव्ह करायची मीच विसरले होते.
सतरा नंबरला हळूच विचारलं,
शून्य पॉइंट एक, त्याला जाग येऊ नये इतकंच:
आहेस?
होता.

सकाळी आप्पांचा फोन. चांदी पुरली का?
पुरली म्हटलं. दिसत नाही एवढीच लागली.
"मग उरलेली पुसून ठेव," ते म्हणाले,
"आणि खोली झाडशील तो केर
टाकू नकोस."