वन बाय टू

सतरा वर्षं विश्रामबागेत ऑर्डर लिहितोय.
माणूस खुर्ची ओढतो तेव्हाच अंदाज येतो
टेबल किती भरणार याचा.
हळदीचा सौदा पटलेला असला
की कार्ड उघडतच नाहीत :
"बिरू, तुला माहिताय, आण."
इंजिनिअरिंगची पोरं उजवीकडून वाचतात,
आधी आकडा, मग नाव;
सहाजणांत दोन भाज्या, कांदा तीनदा.
आणि सासरे सोबत असले की जावई
स्टार्टरचं अख्खं पान न्याहाळून
मसाला पापड सांगतो.

त्या रविवारी कोपऱ्यातली दोन टेबलं जोडली.
तासगावची मंडळी, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज.
समोर मुलीकडचे चार, मिरजेचे.
कार्ड इकडून तिकडे सरकत राहिलं,
"तुम्ही सांगा."
"छे छे, तुम्हीच."
तापल्या तव्यासारखं कुणी हातात धरेना.
शेवटी मुलाच्या काकांनी घसा साफ केला :
"आठजण ना आपण? चार टोमॅटो. वन बाय टू."

लिहिलं.
आमच्याकडे अर्धं मागायची लाज नसते कुणाला.
अख्खं मागायची असते.

"मला एक पूर्ण," मुलगी म्हणाली.
मोठ्यानं नाही. पाणी मागावं तसं.
आईनं टेबलाखाली काहीतरी केलं असावं,
चमचा पडला.
"गिरिजाला ना, सूप फार आवडतं," वडील म्हणाले
आणि उगाच हसले.
मी दुसरा चमचा ठेवला,
मनात मांडलं : राहिले सात, म्हणजे साडेतीन.
आता हे अर्धं कुणाचं?
सगळे मीठदाणीकडे बघत होते.
"मला नकोच मग," काका म्हणाले, "ॲसिडिटी आहे."
मुलानं तेवढ्यात पहिल्यांदा
कार्ड स्वतःकडे ओढलं. नुसतं वाचत बसला.

पुढे जमलं की नाही, ठाऊक नाही.
ते लोक परत आले नाहीत, आले असतील तर माझ्या सुट्टीला.
टेबल आवरताना एवढं दिसलं :
सहा वाटग्यांच्या तळाशी शिष्टाचाराचं थोडं थोडं,
तिचा चाटूनपुसून.

साडेअकराला शटर अर्धं ओढून आम्ही बसतो,
कोर्स एकच, उरेल तो.
त्या रात्री पातेल्यात सूप होतं.
"दोघांत घ्या रे," आचारी म्हणाला,
मी आणि भांडी घासणारा जतचा पोरगा.
जिभेवर आलं होतं.
वाडगा नुसता पुढे धरला,
जरा जास्तच वेळ.